चित्रं बंद ठेवण्याविषयी खुलासा

मॅम्पॉन्ग,
बुधवार, दुपारचे सव्वातीन (दुकानातल्या घड्याळाप्रमाणे, ते चार मिनिटं पुढे आहे)

आदरणीय बोआहेन मामांना भाचा क्वाबेना अंपोन्सेम याचा वाकून नमस्कार.

पाहुणा आला की आधी पाणी द्यायचं, त्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला की मग येण्याचं कारण विचारायचं, ही आपली रीत. पत्राला पाणी पाजता येत नाही. तेव्हा तुम्हीच एक पेला भरून घ्या, दोन घोट घ्या आणि मग पुढचं वाचा. गुडघा कसा आहे? (डावा विचारतो आहे. उजव्याबद्दल मागच्या वेळी तुम्ही समाधानी होता.) ताकोराडीची दमट हवा मामींच्या खोकल्याला मानवत नसेल, तर खिडकी समुद्राच्या नव्हे, रस्त्याच्या बाजूची उघडावी. मी सुखरूप आहे. दुकान, म्हणजे टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि इंटरनेट, चारही विभाग सुखरूप आहेत. तुमची सून अफ्राकोमाही सुखरूप आहे, फक्त ती इथे नाही. एफिदुआसेला तिच्या थोरल्या भावाकडे, बोआदीकडे, राहायला गेली त्याला आज अकरा दिवस झाले (बोआदी बारा म्हणतो, पण तो जाण्याचा दिवसही धरतो). ती परत येणार की नाही, हे अजून ठरलेलं नाही. तिच्या वडिलांना, आदुसेई म्हाताऱ्यांना, पुरण्याचा सोहळा येत्या शनिवारी नव्हे, त्याच्या पुढच्याही नव्हे, तिसऱ्या शनिवारी आहे. त्या दिवशी जावयांच्या रांगेत माझी खुर्ची मांडतील का, हेही ठरलेलं नाही. तुमच्या कानावर काहीतरी आलंच असेल. आलं असेल ते चुकीच्या क्रमाने आलं असेल, म्हणून हे पत्र. फोन करणार होतो, पण फोनवर तिसऱ्या वाक्यानंतर तुम्ही "बरं बरं, देव बघेल" म्हणता, आणि हा विषय तिसऱ्या वाक्यापर्यंत सुरूसुद्धा होत नाही.

मुळात प्रश्न सेटिंगचा आहे. तुम्ही इंटरनेट वापरत नाही, तेव्हा असं समजा की सर्च इंजिन म्हणजे एक अतिशय उतावळा कारकून. तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो ढीगभर कागद आणून टेबलावर आदळतो. सगळ्यात वरचा कागद बरेचदा वर असतो तो चांगला आहे म्हणून नव्हे, तर त्या कागदाच्या मालकाने कारकुनाचा खिसा गरम केला म्हणून. आता असा कारकून तुमच्या बंदराच्या कचेरीत असता तर तुम्ही काय केलं असतं? त्याला शिस्त लावली असती. मी तेच केलं. हे मला कोणी शिकवलेलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. मिडल स्कूलनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, आणि कॉम्प्युटर मी ज्या पुस्तकावरून शिकलो त्याची पहिली चाळीस पानं गायब होती. त्यामुळे मशीन चालू कसं करायचं हे मी सगळ्यात शेवटी शिकलो, पण त्या आधीचं सगळं पक्कं शिकलो. आज जिल्हा शिक्षण कार्यालयातले पदवीधर माझ्याकडे येतात नि विचारतात, "अंपोन्सेम, तुमच्या मशीनवर सापडतं ते आमच्या मशीनवर का सापडत नाही हो?"

सापडत नाही, कारण त्यांनी कारकुनाला मोकाट सोडलं आहे. माझ्या मशीनवर उत्तराची तयार चौकट वर येत नाही. मी प्रश्न विचारला असताना कोणीतरी आधीच चावून ठेवलेलं उत्तर माझ्या तोंडात घालावं, हे मला चालत नाही. प्रत्येक निकालाखाली त्या पानाचा पूर्ण पत्ता दिसला पाहिजे, शेपूट तोडलेला नव्हे, कारण पत्त्यावरून माणूस कळतो. तारीख दिसली पाहिजे. निकाल नव्या टॅबमध्ये उघडला पाहिजे, म्हणजे मूळ यादी जागच्या जागी राहते (परत येऊन पाहावं तर यादी हललेली, हा प्रकार मला फार लागतो). खाली खाली सरकत जाणारी, न संपणारी यादी तर मुळीच नको. पान हवं, पानाला नंबर हवा, पान संपलं पाहिजे. पूर्वी एका पानावर शंभर निकाल मागता यायचे, ते फार सोयीचं होतं. ती सोय आता गेली, म्हणून दहा-दहाची पानं उलटतो. मागचं काही लक्षात ठेवायला मी त्याला बंदी केली आहे. ती बंदी नव्हती तेव्हा सकाळी एका गिऱ्हाइकाने शेळीच्या पोटफुगीवर औषध शोधलं, आणि दुपारी कॅनडाच्या व्हिसाची चौकशी करणाऱ्या पाद्रीबाबांना संध्याकाळपर्यंत शेळ्या दिसत राहिल्या. आणि चित्रं बंद. चित्रं उशिरा येतात, आली की बाकीचं खाली ढकलतात, आणि तुम्ही ज्यावर बोट ठेवायला जाता त्याच्या जागी भलतंच काहीतरी येतं. शिवाय डेटा खातात. शिवाय (हे महत्त्वाचं) चित्र दिसलं की माणूस शब्द वाचत नाही.

आणखी एक नियम आहे, तो माझा स्वतःचा: पहिली दोन पानं मी वाचतच नाही. तिसऱ्या पानापासून सुरुवात करतो. पहिल्या दोन पानांवर पुढे घुसणारे लोक असतात. खरा माणूस तिसऱ्या पानावर शांत बसलेला असतो.

अफ्राकोमाची पद्धत याच्या बरोबर उलट. ती भट्टीपाशी पावाचं पीठ मळता मळता फोनला तोंडी विचारते, फोन तोंडी उत्तर देतो, आणि पहिलं उत्तर मिळालं की ती पुन्हा पिठाकडे वळते. मी तिला कितीदा म्हटलं, "अगं, निदान दुसरं तरी ऐक." ती म्हणते, "क्वाबेना, पहिल्याने काम झालं तर दुसऱ्याला कशाला त्रास?" मान्य केलं पाहिजे की तिची कामं होतात. पण काम होणं वेगळं आणि नीट शोधणं वेगळं. या विषयावर आमचा एकोणीस वर्षं संसार चालला होता, आणि बरा चालला होता.

आता कापड. म्हातारे गेले तेव्हा ठरलं की त्यांच्या पाचही मुली आणि दोन्ही सुना एकाच कापडाच्या असतील: काळी जमीन, वर लाल नक्षी, प्रत्येकी सहा वार, एकूण बेचाळीस. अफ्राकोमा म्हणाली, मी शनिवारी कुमासीच्या बाजारात जाऊन हाताने चाचपून आणते. मी म्हटलं, तू आत्ता दुःखात आहेस, एवढ्या गर्दीत कशाला जातेस, शोधणं माझ्यावर सोड. (हे मी प्रेमाने म्हटलं होतं. याची नोंद व्हावी, कारण पुढे याची नोंद कोणीच घेत नाही.) ती दुकानात आली, माझ्या खांद्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "चित्रं लाव. कापड मला डोळ्यांनी कळतं." दुकानात त्या वेळी तीन गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "चित्रं बघून कापड घेणं म्हणजे टोपी बघून जावई करणं." गिऱ्हाइकं हसली. ती पाव भट्टीत आहेत म्हणून निघून गेली. हा भाग मी आधी या पत्रात घालणार नव्हतो, पण क्रमाने सांगायचं तर तो इथेच येतो.

चार दुपारी मी शोधत होतो. वहीत रकाने पाडले: पत्ता, तारीख, जमिनीचा रंग, नक्षीचं वर्णन, शेरा. पाचव्या पानावर, सुरुवातीपासून मोजलं तर त्रेचाळिसाव्या जागी, तेमाच्या एका गोदामाचा निकाल सापडला. पत्ता पूर्ण, तारीख स्पष्ट, भाषा शुद्ध. डिझाइन नंबर चव्वेचाळीस एकाहत्तर ब. काळ्या जमिनीवर लाल वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात पाच आखूड रेघा, "सर्व गंभीर प्रसंगी शोभणारं". आणि बाकीच्यांच्या निम्म्या भावात. इतकं स्वस्त का, असा प्रश्न मला पडला होता, नाही असं नाही. त्याचं उत्तर मी काढलं की हे लोक वर येण्यासाठी जाहिरातीवर उधळत नाहीत, म्हणून. माझ्या सगळ्या सिद्धान्ताला इतका चोख पुरावा मला आजवर मिळाला नव्हता. मागणी नोंदवली. माल परत घेणार नाही अशी अट होती, ती वाचून मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. ज्याला आपल्या मालाची खात्री असते तोच असं लिहितो. गठ्ठा मी परस्पर एफिदुआसेला पाठवायला सांगितला, म्हणजे कुटुंबाच्या बैठकीत सगळ्यांसमोर उघडता येईल.

कारखाना कापडाला नंबर देतो आणि बाजारातल्या बायका त्याला नाव देतात, बहुतेक कोणाला तरी मारलेला टोमणा, हे तुम्हाला मी सांगायला नको. मामींच्या पेटीत निम्मी भांडणं घड्या घालून ठेवलेली आहेत. नंबर पुठ्ठ्यावर छापलेला असतो. नाव कुठेच छापलेलं नसतं, पण मॅम्पॉन्गपासून ताकोराडीपर्यंत प्रत्येक बाईला ते पाठ असतं. पुरुषांना नसतं. मला नव्हतं.

बैठक बोआदीच्या अंगणात होती. एका बाजूला म्हाताऱ्यांची मुलं, जावई आणि सासूबाईंची धाकटी बहीण दुफी मावशी. समोर म्हाताऱ्यांचे भाचे, त्यांच्यात थोरला तो चुमासी, ज्याच्याकडे आता म्हाताऱ्यांचा कोकोचा मळा जाणार. (मळा भाच्याकडे जातो, मुलं बघत राहतात, आणि भाच्यांना वाटत राहतं की मुलांनी म्हातारा जिवंत असतानाच निम्मा मळा खाऊन टाकला. मी स्वतः तुमचा भाचा आहे, तेव्हा हा विषय इथेच सोडतो.) दोन्ही बाजू त्या दिवशी अगदी गोड बोलत होत्या. मंडप किती, खुर्च्या किती, कोणाच्या बाजूला सावली, सगळं ठरलं होतं. मग गठ्ठ्याची दोरी मी स्वतः कापली आणि पहिली घडी उलगडून उंच धरली.

अंगण गप्प झालं. मला आधी वाटलं, पसंत पडलं.

दुफी मावशीने चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. "अगं बाई," ती म्हणाली, "हे तर 'तू गेलास, मी जेवले'!"

मामा, ती वर्तुळं नव्हती. त्या ताटल्या होत्या. चाटूनपुसून रिकाम्या केलेल्या. आणि पाच आखूड रेघा म्हणजे पाच बोटांचे ओघळ.

बापाच्या शवपेटीमागे पाच मुली आणि दोन सुना हे नेसून चालणार, आणि समोर चुमासी आणि त्याची माणसं बसणार. चुमासी मांडीवर थाप मारून म्हणाला, "चला, तुम्ही नाही तर निदान कापडाने तरी खरं सांगितलं!" त्यावर बोआदी उठला, त्यावर चुमासीचा भाऊ उठला, दुफी मावशी दोघांच्या मध्ये आपली काठी आडवी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बसा रे घोड्यांनो, तो म्हातारा अजून शवागारात बर्फात आहे, त्याला ऐकू जातं."

अफ्राकोमा उठली नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "हे कोणी निवडलं?"

मी म्हटलं, त्रेचाळिसावा निकाल आहे.

आता इथे लोक म्हणतात की मी अर्धा तास बोललो. बोआदीने तुम्हाला तसं सांगितलं असेल तर ते खोटं आहे; मी फार तर वीस मिनिटं बोललो. मी फक्त पद्धत समजावून सांगितली: पहिली दोन पानं का वगळायची, तारीख का पाहायची, वर्णनात "वर्तुळ" हा शब्द तीनदा आला आहे आणि "ताटली" हा शब्द एकदाही आलेला नाही, वही सोबत होती, कोणीही तपासावी. चुमासी लक्ष देऊन ऐकत होता. त्याने तर रकाने कसे पाडले तेही विचारलं. (आता वाटतं, त्याने ते शिकण्यासाठी विचारलं नसावं.)

मी थांबलो तेव्हा अफ्राकोमा म्हणाली, "चित्र बघितलंस?"

"चित्रं बंद असतात. तुला माहीत आहे."

"मला विचारलंस?"

मी वही पुन्हा उघडून शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. ती आत गेली. संध्याकाळची गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा बोआदी बाहेर येऊन म्हणाला, "भाऊजी, तुम्ही निघा. ती राहतेय." परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर एका बाईने कोंबड्यांची टोपली ठेवली. मी हरकत घेतली नाही.

तेव्हापासून अकरा दिवस. भट्टी थंड आहे. सकाळी पाव घ्यायला येणारे लोक दारावरून परत जातात आणि जाताना माझ्याकडे असं बघतात की जणू भट्टी मीच खाल्ली. मी समोरच्या टपरीवरचा पाव घेतो. त्यात साखर एका जागी असते आणि मीठ दुसऱ्या. पहिल्या आठवड्यात रोज तिला एक निरोप पाठवला. पहिल्यात गोदामाची चूक दाखवली होती, दुसऱ्यात वर्णन लिहिणाऱ्याची, तिसऱ्यात शोधाच्या शब्दांमध्ये मी काय बदल करायला हवा होता ते. एकाचंही उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी मी निरोप पाठवणं थांबवलं, कारण चूक करणाऱ्यांची यादी संपत आली होती आणि पुढचं नाव मला दिसायला लागलं होतं.

माझी बाजू ही अशी आहे. चित्रं बंद ठेवण्यामागे विचार होता, आणि तो विचार मी आजही चुकीचा मानत नाही. या पत्राने तुमची करमणूक झाली असेल तर आनंद आहे, तो माझा हेतू नव्हता. मामींना नमस्कार. त्यांना कापडाचं नाव सांगू नका, त्यांना आधीच कळलं असेल.

आपला आज्ञाधारक भाचा,
क्वाबेना अंपोन्सेम

ता. क. वरचं सगळं नुसती पार्श्वभूमी आहे. काम असं आहे: बायको माहेरी गेली की नवऱ्याने एकट्याने जाऊन तिला आणता येत नाही, मामा लागतो आणि स्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या लागतात. बाटल्या घेतल्या आहेत. मामा तुम्ही आहात. शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघालात तर रात्री इथे मुक्काम, शनिवारी एफिदुआसे. तुम्ही घसा साफ करून एकदा "पोराचं चुकलं, पण मनाने वाईट नाही" एवढं म्हणालात की अर्धं काम होतं; जानेवारीत आमच्या शेजाऱ्याचं तसंच झालं होतं. आणखी एक, केवळ माहितीसाठी: परवा मी चित्रं चालू करून तोच शोध पुन्हा दिला. पहिल्याच पानावर, वरच्याच ओळीत, ते कापड नेसलेली एक बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून हसत उभी होती. तीन सेकंद लागले. हे कृपया दुसऱ्या कोणाला सांगू नये.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार इतक्यात अफ्राकोमाचा फोन आला. कापड तिने न्तोंसो गावच्या रंगाऱ्यांकडे दिलं आहे. झाडाच्या सालीच्या काळ्या रंगात तीनदा बुडवलं, आता एकसारखं काळं झालं आहे. भर उन्हात धरलं तर ताटल्या किंचित दिसतात, म्हणून मुलींच्या बाजूला सावली मागून घेतली आहे, चुमासीने दिली. हे सगळं तिने मला न विचारता एका दिवसात उरकलं. मग म्हणाली, "मामांना घेऊन येणार असशील, तर येऊ नकोस."

मी म्हटलं, रीत आहे.

"रीत मला माहीत आहे. मामा येतील, खाकरतील, बोआदी खाकरेल, बाटली उघडेल, सगळे म्हणतील झालं गेलं विसरा, आणि तुला तोंड उघडावं लागणार नाही. एरवी वीस मिनिटं उघडतोस ना? या शनिवारी ये, पुन्हा बैठक आहे. दुफी मावशी असेल, चुमासी असेल, सगळे असतील. त्यांच्यासमोर म्हण, 'मी तुला विचारलं नाही. माझं चुकलं.' एवढंच. पुढे काही जोडायचं नाही, मागे काही जोडायचं नाही. जमलं तर मी त्याच गाडीने घरी येते. नाही जमलं तर सोहळ्याला तू पाहुण्यांत बस."

तेव्हा, मामा, येऊ नका. त्रासाबद्दल क्षमस्व.

ता. क. तिसरा. दुकान बंद करून सराव केला. सात वेळा. पहिल्या खेपेला "मी तुला विचारलं नाही" इथपर्यंत बरा आलो आणि तिथून पुढे पहिल्या दोन पानांवर गेलो. तिसऱ्या खेपेला गोदामाचा पत्ता आला. पाचवी खेप सगळ्यात चांगली झाली, चार वाक्यांत संपली, पण त्यातलं तिसरं वाक्य "तरीसुद्धा" या शब्दाने सुरू होतं. शनिवारी चुमासी समोर बसून माझ्याकडे लक्ष देऊन बघणार आहे. मला हे एकट्याने जमणार नाही.

म्हणून मी आत्ता तिला फोन केला. म्हटलं, मामा आले तर चालेल का, बाटल्या नाहीत, बोलणार नाहीत, नुसते माझ्या शेजारी बसतील. ती म्हणाली, "हे तू मला विचारतोयस?"

मी म्हटलं, हो, विचारतोय.

ती म्हणाली, "मग येऊ देत."

तेव्हा, मामा, या. शुक्रवारची सकाळची गाडी. (पाकीट आज रात्रीच्याच गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो, उद्या तुमच्या हातात पडेल.) खाकरू नका, काही बोलू नका. माझ्या डाव्या हाताला बसा, मी ती दोन वाक्यं म्हणेन. त्यानंतर माझे ओठ पुन्हा हलताना दिसले, की माझ्या मांडीवर हात ठेवा आणि दाबून धरा.